आक्काची वही



तुमच्या वर्गाच्या बाईंनी आम्हांला आज येथे बोलावले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, वर्गाला उपयोग होईल असे काही सांगा." आम्ही ३४ वर्षे मुलांना शिकवले. शेवटची ९ वर्षे मुख्याध्यापक होतो. पण आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यावर मास्तरकीचे ट्रेनिंग. आम्ही डॉक्टर नव्हे. म्हणून आज आम्ही कोणाला औषध सांगणार नाही. आमच्या घरात काय घडले तेवढे सांगतो. त्यात आमची एक चूक आहे. तीही सांगतो.

आमची एक थोरली बहीण आहे. सगळे तिला आक्का म्हणतात. आज तिचे वय ७८ आहे. ती आमच्याहून ११ वर्षांनी मोठी. लहानपणी आम्हांला कडेवर घेऊन ती शाळेत पोचवीत असे. आम्ही आत जाऊन बसायचो. ती दारातून परत फिरायची आणि शेतावर जायची. असे करून आम्ही मास्तर झालो आणि आक्का निरक्षर राहिली. यजमान वारल्यावर ती आमच्याकडे आली. कोरेगाव तालुक्यात आमचे गाव आहे. तेथे आमच्याच घरात ती राहते.

२०२१ सालची दिवाळी झाली आणि आक्का थकू लागली. देवळाच्या चार पायऱ्या चढली की ती थांबायची. चपलेचा अंगठा घट्ट होऊ लागला. रात्री कोरडा खोकला यायचा. आधी ती एक उशी घेऊन झोपत असे. मग दोन घेऊ लागली. मग भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली. आम्ही म्हटले, वय झाले. खोकल्याला काढा दिला. पायाला तेल लावले. एके रात्री ती उठून दारात जाऊन बसली. म्हणाली, "बाळू, छातीवर कुणीतरी बसल्यावानी वाटतंय रं. वारं दे." तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही गाडी केली आणि तिला साताऱ्याला नेले.

तेथे डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. हृदयाची सोनोग्राफी केली. तिला इको म्हणतात. मग ते म्हणाले, "यांना हार्ट फेल्युअर आहे."

आता आपल्याकडे हार्ट फेल झाले म्हणजे काय समजतात? माणूस गेला, असे समजतात. आमचा पुतण्या शेजारी उभा होता. त्याने तेवढे दोन शब्द ऐकले आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना फोन लावले. मुंबईचे भाचे रात्रीच्या गाडीने रडत निघाले. सकाळी येऊन बघतात तो आक्का खाटेवर बसून चहा पीत होती! ती त्यांनाच म्हणाली, "एवढ्या सकाळच्या पारी कसं काय आलात रं?"

तर हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय हा आपल्या मुठीएवढा मांसाचा पंप आहे. तो दिवसाला सुमारे एक लाख वेळा आवळतो आणि सैल होतो. या आजारात तो पंप दुबळा होतो, किंवा ताठर होतो. मग शरीराला लागते तेवढे रक्त तो पुढे ढकलू शकत नाही. पण मग पाय का सुजतात? हे आम्हांलाही समजेना. डॉक्टरांनी समजावले ते आम्ही आमच्या शेतकरी भाषेत सांगतो. विहिरीवरची मोटर जुनी झाली आहे. पाणी जोराने येत नाही. पाटाच्या शेवटी जे रोप आहे त्याला वाटते, विहीरच आटली. आपल्या मूत्रपिंडांचे असेच होते. त्यांच्याकडे रक्त कमी पोचते. त्यांना वाटते, शरीरात पाणी कमी झाले. म्हणून ती लघवीवाटे जाणारे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. खरे तर पाणी भरपूर असते. ते आणखी साठते. पायांत उतरते, पोटात साठते, आणि माणूस आडवा झाला की फुप्फुसांत जमते. म्हणून आक्काला उश्या लागत होत्या. म्हणूनच रात्रीचा खोकला होता. काढ्याने तो कसा जावा?

चार दिवसांनी आक्का घरी आली. बरोबर चार तऱ्हेच्या गोळ्या होत्या. एक लघवी होण्याची. आमच्या घरात तिला पाण्याची गोळी म्हणतात. ती साठलेले पाणी काढते. एक हृदयाची गती हळू करणारी. ती एकाएकी कधीही बंद करायची नाही, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले. एक रक्तवाहिन्या सैल करणारी, म्हणजे हृदयाचे ओझे कमी होते. एक शरीरातले क्षार सांभाळून पाणी काढणारी. शेवटच्या तीन गोळ्यांचा गुण लगेच दिसत नाही. पण त्यांनी आयुष्य वाढते. पाण्याच्या गोळीचा गुण मात्र तासाभरात दिसतो. आणि सगळे रामायण त्या गोळीवरूनच झाले.

आम्ही जन्माचे मास्तर. आम्ही भिंतीवर कागद लावला. सकाळी ९ वाजता आणि रात्री ८ वाजता गोळी. वेळ झाली की आम्ही हातात पाण्याचा पेला घेऊन आक्कासमोर उभे राहायचो. "घेतलीस का? तोंड उघड. दाखव." एखाद्या दिवशी तिने टाळाटाळ केली की आम्ही आवाज चढवायचो. "आक्का, तुझ्यासाठीच सांगतोय ना? डॉक्टरला काय तोंड दाखवू मी?" ती काही बोलत नसे. गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि उठून जायची. आम्हांला वाटले, बाई शिस्तीला लागली.

२०२२ सालच्या मे महिन्यात फलटणला आमच्या भाच्याच्या मुलीचे लग्न निघाले. आक्का म्हणाली, मी येणारच. एस. टी.चा दीड-दोन तासांचा रस्ता. लग्नघर भरलेले. तीन दिवस आम्ही तेथे होतो. जेवणाला पापड, लोणचे, मठ्ठा, भजी. आक्काचे गुडघे दुखत होते. कोणीतरी दुकानातून गुडघेदुखीच्या गोळ्या आणून दिल्या. तिने दिवसाला दोन याप्रमाणे घेतल्या. आम्हांला त्याचे काहीच वाटले नाही. दुखण्याची गोळी ती, तिचा हृदयाशी काय संबंध?

घरी परत आलो. तिसऱ्या रात्री दोन वाजता आमच्या सौ.नी आम्हांला हलवून उठवले. आक्का खाटेच्या काठावर बसली होती. श्वासाबरोबर छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. अंग घामाने भिजले होते. ओठ काळेनिळे पडले होते. तिला बोलता येत नव्हते. आम्ही तिला निजवायला गेलो, तर तिने आमचा हात झिडकारला. ते तिने बरोबर केले. अशा वेळी माणसाला आडवे करायचे नसते. पाय खाली सोडून बसवायचे असते. आम्ही १०८ नंबरला फोन केला. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ सालापासून सुरू झाली आहे. पैसे पडत नाहीत. नंबर पाठ करून ठेवा. एक, शून्य, आठ. गाडी आली. त्यांनी गाडीतच प्राणवायू लावला. तेवढ्या रस्त्यात आम्ही काय काय देवाला बोललो, ते सांगत नाही.

आक्का वाचली. सहा दिवस ती दवाखान्यात होती. तिच्या अंगातून ५ किलो पाणी निघाले. ५३ किलो वजन होते, ते ४८ वर आले.

डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या रोज घेत होत्या ना?" आम्ही छातीवर हात ठेवून सांगितले, "एकही चुकलेली नाही. मी स्वतः देत होतो." डॉक्टर गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सौ. घरून आक्काचे लुगडे आणायला गेल्या. त्यांनी आक्काची चंची उघडली. सुपारीच्या खणात गोळ्या होत्या. पांढऱ्या, बारीक. मोजल्या तेव्हा १७ भरल्या. सगळ्या पाण्याच्या गोळ्या. बाकीच्या गोळ्या आक्का घेत होती. हीच तेवढी गालात धरायची आणि मागे जाऊन काढायची.

आमचा संताप झाला. आम्ही तसेच वॉर्डात निघालो होतो. सौ.नी आम्हांला दारातच अडवले. म्हणाल्या, "तुम्ही इथंच थांबा. आणि रागावू नका. वन्संना कुणी विचारलंय का, की का म्हणून?"

खरोखरच कोणी विचारले नव्हते.

सौ. आत जाऊन आक्काजवळ बसल्या. पडद्याआड आम्ही उभे होतो. आक्का हळू आवाजात सांगत होती, "आगं, ती गोळी घेतली की तासाला चारदा जावं लागतं. आपला संडास अंगणाच्या पल्याड. रातच्याला अंधार. एकदा पायरीवरच लुगडं भिजलं. नातवानं बघितलं. मी तसंच धुऊन टाकलं. आन् फलटणला जायचं तर यष्टीत काय करू? गाडी थांबवा म्हणू? कुणाला सांगायचं? बाळूला? त्यो तर मास्तर हाय."

"त्यो तर मास्तर हाय." हे वाक्य आम्ही विसरलो नाही. ज्या बहिणीने आम्हांला कडेवर घेऊन शाळा दाखवली, तिला आमच्यासमोर लघवीचे नाव काढायची लाज वाटत होती. आणि आम्ही तिला तोंड उघडून दाखवायला सांगत होतो!

मग आम्ही डॉक्टरांना सगळे सांगितले. चंचीतल्या गोळ्याही दाखवल्या. ते रागावले नाहीत. म्हणाले, "असे पुष्कळ घरांत होते. बरे झाले, कारण कळले." त्यांनी वेळा बदलून दिल्या. पाण्याची गोळी घेतली की तासाभरात लघवी सुरू होते आणि तिचा जोर साधारण सहा तास राहतो. आम्ही रात्री ८ ला गोळी देत होतो, म्हणजे रात्री दोनपर्यंत आक्काला अंगणात पाठवत होतो. आता पहिली गोळी सकाळी ६ ला, दुसरी दुपारी ३ ला. प्रवासाच्या दिवशी काय करायचे तेही विचारून घेतले. आक्काच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावर घ्या, पण चुकवू नका. तुमच्या माणसाचे तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रत्येकाचे वेगळे असते.

खाटेजवळ आम्ही कमोडची खुर्ची आणून ठेवली. रात्रभर एक बारका दिवा जळत ठेवतो. एवढ्यानेच निम्मे भांडण मिटले.

गुडघ्याच्या गोळ्यांचेही तेव्हाच कळले. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडांना त्रास देतात, आणि पाण्याच्या गोळीचे काम हाणून पाडतात. म्हणजे लग्नात एकीकडे पाण्याची गोळी चंचीत, दुसरीकडे लोणचे-पापड, आणि तिसरीकडे ही गोळी! आता दुकानातून कसलीही गोळी आणायची झाली तर आक्काच्या गोळ्यांचा कागद बरोबर नेतो आणि आधी डॉक्टरांना विचारतो. गुडघ्याला शेक देतो. पेल्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या औषधांतही बहुधा खायच्या सोड्याचा अंश असतो. सोडा झाला तरी त्यातला सोडियम मिठातलाच. तेही बंद केले.

मिठाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मीठ बायांच्या हातात असते. निरोगी माणसानेसुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सगळे मिळून, बरे का! आमच्या सौ. म्हणाल्या, "आमटीत मीठ मी बेतानंच घालते." ते खरे होते. पण मीठ आमटीत नव्हतेच. ते लोणच्यात होते, पापडात होते, कुरडयांत आणि सांडग्यांत होते, ठेच्यात होते. पापडात तर मीठ आणि वर पापडखार. सकाळी चहाबरोबर आक्का खारी बुडवून खायची, त्यात होते. फरसाणात होते. आक्काने शहाणपणाने सांगितले, "मग मला सैंधव दे. ते उपासाला चालतं." सैंधव उपवासाला चालते, हृदयाला चालत नाही. ते मीठच आहे. मग पुतण्याने शहरातून कमी सोडियमचे मीठ आणले. पुडा मोठा छान होता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवायला लावला. त्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. आक्काच्या दोन गोळ्या आधीच शरीरातले पोटॅशियम वाढवतात. त्यात हे मीठ पडले तर हृदयाचा ठोकाच बिघडू शकतो. पुडा शेवटी नणंदेच्या घरी गेला. तिला असला आजार नाही.

आता आमच्या घरी आक्काचे मीठ सकाळीच एका वाटीत मोजून काढतात. दिवसभरात तेवढेच. भाजीला लिंबू, लसूण, जिरे, कोथिंबीर यांनी चव आणतात. पहिले पंधरा दिवस आक्काने फार तोंड वाकडे केले. "मेलेल्या माणसाचं जेवण," असे ती म्हणाली. मग जिभेला सवय झाली. आता बाहेरची आमटी तिला खारट लागते.

आता वहीची गोष्ट.

डॉक्टरांनी सांगितले, "रोज सकाळी वजन करा. पाणी साठू लागले की सूज दिसायच्या आधी वजन वाढते." एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एका दिवसात कोणाची चरबी एक किलोने वाढत नाही. वाढले तर ते पाणी. आम्ही वजनाचा काटा आणला. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याच्या आधी, एकाच तऱ्हेच्या कपड्यांत काट्यावर उभे राहायचे. काटा फरशीवर ठेवायचा. सतरंजीवर ठेवला तर चुकीचे वजन दाखवतो.

पहिले काही दिवस आम्ही वजन पाहायचो आणि लिहायचो. मग सौ. म्हणाल्या, "पुन्हा तुमची हजेरी सुरू झाली. शरीर वन्संचं आहे. त्यांनाच लिहू द्या की." आम्ही म्हटले, तिला आकडे कुठे येतात? सौ. म्हणाल्या, "तुम्ही मास्तर कशाला झालात मग?"

आक्का तेव्हा ७५ वर्षांची होती. आम्ही पाटी आणली. एक ते नऊ आणि शून्य. नोटा तिला रंगावरून ओळखता यायच्या, पण आकडा कधी लिहिला नव्हता. हात थरथरायचा. पाच तिला फार छळायचा. बारा दिवसांत तिला आकडे आले. आम्हांला वाटले, झाले काम. पण काट्यावर इंग्रजी आकडे! आणि इंग्रजी आठ दिसतो आपल्या मराठी चारासारखा. दुसऱ्याच दिवशी आक्का घाबरून ओरडली, "बाळू, चव्वेचाळीस! माझं चार किलो वजन कुठं गेलं?" काट्यावर अठ्ठेचाळीस होते. मग एका पुठ्ठ्यावर मराठी आकडे वर आणि इंग्रजी आकडे खाली लिहून तो काट्याच्या वर भिंतीला टांगला. आजही तो तेथे आहे.

वहीत पाच रकाने आहेत. तारीख आम्ही घालतो. वजन आक्का लिहिते. तिसऱ्या रकान्यात रात्री किती उश्या लागल्या. चौथ्यात पायाची सूज. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबायचा. खळगा राहिला तर फुली. पाचव्यात गोळ्या. त्यांच्या पाकिटांवर सौ.नी चित्रे काढली आहेत. सकाळच्या गोळीला सूर्य, दुपारच्या गोळीला चहाचा कप, रात्रीच्या गोळीला चंद्र. गोळ्या त्यांच्या पट्टीतच ठेवतो. आणि पट्टी कापताना मुदतीची तारीख छापलेले टोक शेवटपर्यंत राखतो.

पट्टीवरची अक्षरे वाचायला शिका. एक नाव कंपनीने दिलेले असते. दुसरे नाव खऱ्या औषधाचे असते. एकच औषध दहा नावांनी मिळते. दवाखान्यातून घरी येताना आम्हांला जी नवी पट्टी मिळाली होती, तिचे नाव वेगळे होते. घरात जुनी पट्टी होतीच. आम्ही दोन्ही देणार होतो. औषधांच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे एकच आहे." मॅट्रिक मास्तर, पण खऱ्या औषधाचे नाव वाचले नव्हते.

आणखी एक घोटाळा ऐका. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. शेजारचा शिकलेला मुलगा म्हणाला, "ही तर साखरेच्या आजाराची आहे. आक्कांना कुठं साखर आहे?" आम्ही आठ दिवस ती बंद ठेवली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ही गोळी मधुमेहासाठी निघाली हे खरे. पण ज्यांना मधुमेह नाही अशांच्याही दुबळ्या हृदयाला ती उपयोगी पडते, असे २०१९ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. मात्र तिची एक अट आहे. उपवास असेल, किंवा उलट्या-जुलाब होत असतील, तर ती थांबवावी लागते. म्हणून एकादशीच्या आधी आक्का आता डॉक्टरांना फोन करायला लावते. विठोबा समजून घेतो म्हणते, डॉक्टरला सांगावं लागतं.

मास्तरला इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून एवढे सांगतो. या आजारावरचे एक जुने औषध म्हणजे डिजिटॅलिस. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाचे डॉक्टर होते. एक म्हातारी बाई घरगुती काढा देऊन सुजलेली माणसे बरी करते, असे त्यांच्या कानावर आले. काढ्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. त्यांतली खरी गुणकारी कोणती ते त्यांनी शोधले, दहा वर्षे रोग्यांना मापाने देऊन पाहिली, आणि १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. माप जास्त झाले तर तेच औषध विष होते. या औषधाचा वंशज आजही काही रोग्यांना देतात. तुमच्या घरी कोणाला देत असतील आणि त्यांना मळमळू लागले, जेवण नकोसे झाले किंवा सगळे पिवळे दिसू लागले, तर वाट पाहू नका.

वहीचा उपयोग झाला का? २०२३ साली गणपतीत झाला. घरात चकल्या, चिवडा, पाहुणे. आक्काने हात मारला. तिने स्वतः कबूल केले आहे. वहीत पहिल्या दिवशी ४८, दुसऱ्या दिवशी ४९, तिसऱ्या दिवशी साडेपन्नास. आम्ही आरतीच्या गडबडीत होतो. आक्का वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाळू, आकडा चढतोय. फोन लाव." तीन दिवसांत दोन किलो वाढले की फोन करायचा, हे तिला पाठ होते. डॉक्टरांनी फोनवरच पाण्याची गोळी तीन दिवस वाढवली. चौथ्या दिवशी वजन ४८. दवाखाना नाही, रुग्णवाहिका नाही.

उलटेही होते. २०२४ च्या एप्रिलात तिला जुलाब झाले. वजन ४६ वर आले. उभी राहिली की चक्कर यायची. आमचा हात गोळीकडे चाललाच होता. चुकवायची नाही ना! डॉक्टर म्हणाले, "आज पाण्याची गोळी देऊ नका, आणि तिला इकडे आणा." शरीर कोरडे पडलेले असताना तीच गोळी घात करते. तेव्हा आपल्या मनाने गोळी बंद करू नये, आणि आजारपणात आपल्या मनाने चालूही ठेवू नये. विचारावे. पण श्वास बसल्या जागी लागत असेल, छातीत दुखत असेल, गुलाबी फेस पडत असेल, माणूस भ्रमिष्टासारखे बोलत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर विचारत बसू नये. १०८.

हा आजार मुळापासून जात नाही, हे डॉक्टरांनी आक्काला आमच्यासमोर सांगितले. आम्हांला वाटले होते, तिच्यापासून लपवावे. तिने शांतपणे ऐकले. म्हणाली, "मोटर जुनी हाय, ठावं हाय मला. पर चाललीय तवर पाणी येऊ द्या." आणखी काही गोष्टी तिने सौ.ना सांगितल्या आहेत, शेवटी काय करायचे आणि काय करायचे नाही त्याविषयी. त्या आम्ही लिहून ठेवल्या आहेत. त्या तिच्या आहेत, येथे सांगत नाही.

आजही कधी तिला गोळी नको असते. आम्ही आता समोर उभे राहत नाही. शेजारी बसतो. "आक्का, काय होतंय?" असे विचारतो. कधी तोंड कडू झालेले असते. कधी बाजाराला जायचे असते. कधी नुसताच कंटाळा आलेला असतो. रोज रोज तेच, म्हणते. मग थोडा वेळ बसतो. चहा येतो. बहुतेक वेळा ती आपणच हात पुढे करते.

वही आम्ही आज बरोबर आणली आहे. बाईंच्या टेबलावर ठेवतो. रकाने कसे आखले आहेत ते पाहून घ्या. पहिल्या पानावरचे आकडे वाकडे आहेत. पुढे सुधारले आहेत. वही हातोहात फिरवा, पण संध्याकाळी पाचाच्या आत आम्हांला परत द्या. उद्या सकाळी सहाला ती आक्काला लागेल.